मधला आवाज

आज तुम्हांला कोणाशी बोलायचे असेल तर तुम्ही काय करता? मोबाइल हातात घेता, नावावर बोट ठेवता आणि काही क्षणांतच पलीकडे घंटी वाजू लागते. तुम्ही आणि तुमचा मित्र यांच्यामध्ये तिसरे माणूस नसते. मध्ये असतात ती फक्त यंत्रे. पूर्वी मात्र साधा फोन करायचा तरी एका तिसऱ्या माणसाची मदत घ्यावी लागत असे. त्या माणसाला टेलिफोन ऑपरेटर म्हणत.

ऑपरेटर कोणाला दिसत नसे. फक्त त्याचा किंवा तिचा आवाज ऐकू येई. पण हा आवाज मध्ये असल्याशिवाय दोन माणसांचे बोलणे होतच नसे. सुमारे शंभर वर्षे या आवाजाने जगभरच्या माणसांना एकमेकांशी जोडले. व्यापाराला हातभार लावला, अपरात्री डॉक्टरांना उठवले, पुरात माणसे वाचवली आणि नाटक-सिनेमांना कितीतरी प्रसंग दिले. मग तो हळूहळू नाहीसा झाला. तो का आला, काय काम करत होता आणि जाताना कोणते काम आपल्यावर सोपवून गेला, हे आपण या पाठात पाहू.

टेलिफोनचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावर आहे. त्यांना १८७६ मध्ये या यंत्राचे पेटंट मिळाले. सुरुवातीला दोन ठिकाणे एकाच तारेने जोडलेली असत. दुकानातून घरी बोलायचे तर दुकान ते घर अशी तार. पण गावातल्या दहा घरांना एकमेकांशी बोलायचे असेल तर किती तारा लागतील? वहीत आकृती काढून पाहा. प्रत्येक घर दुसऱ्या प्रत्येक घराला जोडायचे म्हटले तर ४५ तारा लागतात. घरे शंभर असतील तर ४,९५० तारा! सारे आकाश तारांनीच झाकून जाईल.

यावर एक सोपा उपाय निघाला. प्रत्येक घरातून एकच तार काढायची आणि सगळ्या तारा गावातील एका खोलीत आणायच्या. ज्याला ज्याच्याशी बोलायचे असेल, त्या दोघांच्या तारा त्या खोलीत तेवढ्यापुरत्या जोडायच्या. या खोलीला टेलिफोन एक्स्चेंज म्हणतात. व्यापारी तत्त्वावर चालणारे पहिले एक्स्चेंज अमेरिकेतील न्यू हेवन या गावी जानेवारी १८७८ मध्ये सुरू झाले. त्याचे ग्राहक होते फक्त २१. आता ४,९५० तारांऐवजी शंभर तारा पुरे झाल्या. पण तारा जोडायला आणि सोडवायला कोणीतरी माणूस हवा होता. हा माणूस म्हणजेच ऑपरेटर.

पहिले ऑपरेटर तुमच्याहून थोडी मोठी मुले होती. तार कार्यालयात निरोप पोहोचवणारी मुले या कामावर घेतली गेली. ती चपळ होती, पण त्यांची जीभही तशीच चपळ होती. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत, मध्येच थट्टा करत. ग्राहकांच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा कंपनीने वेगळा विचार केला. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टन शहरात एमा नट नावाची तरुणी कामावर आली. ती जगातील पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर मानली जाते. तिचा शांत आणि नम्र आवाज लोकांना आवडला. त्यानंतर हे काम बहुतांशी स्त्रियांकडे गेले. ज्या काळात स्त्रियांना घराबाहेर फार थोड्या नोकऱ्या मिळत, त्या काळात हजारो मुली या कामामुळे स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

भारतातही टेलिफोन फार उशिरा आला नाही. १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास या शहरांत एक्स्चेंज सुरू झाली. कोलकात्याच्या एक्स्चेंजचे सुरुवातीला ९३ ग्राहक होते. पुढे आपल्याकडील मोठ्या शहरांच्या एक्स्चेंजमध्ये अनेक अँग्लो-इंडियन स्त्रिया ऑपरेटर म्हणून काम करू लागल्या. हळूहळू सर्व समाजांतील स्त्रिया आणि पुरुष या कामात आले.

आता ऑपरेटर काम कसे करत असे ते पाहू. तिच्यासमोर एक उंच लाकडी फळा असे. त्याला स्विचबोर्ड म्हणत. फळ्यावर ओळीने लहान लहान छिद्रे असत. प्रत्येक छिद्र म्हणजे एका ग्राहकाची तार. खाली टेबलावर दोरीसारख्या लवचीक तारांच्या जोड्या असत आणि प्रत्येक तारेच्या टोकाला पितळी प्लग असे. ग्राहकाने आपल्या टेलिफोनचा दांडा फिरवला किंवा रिसीव्हर उचलला, की त्याच्या छिद्राजवळची छोटी झडप पडे किंवा छोटा दिवा लागे. ऑपरेटर लगेच एक प्लग त्या छिद्रात घाली आणि विचारी, “नंबर प्लीज?” ग्राहक नंबर सांगे. मग ती जोडीतील दुसरा प्लग हव्या त्या छिद्राला नुसता टेकवून पाही. कानात ‘टक्’ असा आवाज आला तर ती लाइन आधीच कोणी वापरत आहे असे समजायचे. आवाज आला नाही तर प्लग आत घालायचा आणि घंटी वाजवायची. बोलणे संपल्याची खूण मिळाली की दोन्ही प्लग काढून घ्यायचे. हे सारे काही सेकंदांत होई आणि दिवसातून शेकडो वेळा होई. डोळे दिव्यांकडे, कान आवाजाकडे, हात तारांवर आणि जिभेवर गोडवा, असे हे काम होते. ते सोपे नव्हते.

परगावी फोन करायचा तर काम आणखी लांबे. त्या फोनला ट्रंक कॉल म्हणत. समजा, १९६० च्या सुमारास मालेगावच्या एका विणकराला मुंबईच्या सूतव्यापाऱ्याशी बोलायचे आहे. तो आधी आपल्या गावच्या ऑपरेटरला नंबर सांगून कॉल ‘बुक’ करी. ऑपरेटर तो एका कागदावर लिहून घेई. मग ती मधल्या मोठ्या एक्स्चेंजला लाइन मागे, तिथली ऑपरेटर पुढच्या एक्स्चेंजला मागे, आणि असे करत करत मुंबई गाठली जाई. लाइन मोकळी नसेल तर तासन् तास वाट पाहावी लागे. कॉलचे प्रकारही होते. साधा कॉल स्वस्त, पण त्याला वेळ लागे. ‘अर्जंट’ कॉल आधी लागे, पण महाग पडे. ‘लायटनिंग’ म्हणजे विजेसारखा कॉल सर्वांत आधी लागे आणि त्याचे पैसेही कित्येक पट पडत. ‘पी. पी.’ कॉलमध्ये ऑपरेटर ठरावीक माणसालाच फोनवर बोलावून देई. तीन मिनिटे झाली की तिचा आवाज मध्ये येई, “थ्री मिनिट्स ओव्हर. आणखी बोलायचे आहे का?” खर्चाच्या भीतीने माणसे घाईघाईने बोलत. कित्येकदा मुद्द्याची गोष्ट राहूनच जाई.

मित्रांनो, या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ऑपरेटरला इच्छा असेल तर कोणाचेही बोलणे ऐकता येत असे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा सौदा तुटला, कोणाच्या मुलीचे लग्न जमले, हे सारे तिच्या कानांवरून जाई. म्हणून या कामात हाताच्या वेगापेक्षाही मोठा गुण लागे. तो म्हणजे विश्वास. उर्दूत आणि मराठीत आपण एक शब्द वापरतो, ‘अमानत’. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. ऑपरेटरच्या कानी पडलेले बोलणे ही अशीच अमानत होती. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात, कर्मचाऱ्याने लोकांचे निरोप चोरून मिळवले किंवा बाहेर फोडले तर त्याला शिक्षेची तरतूद होती. पण प्रत्येक कानावर पहारा कोण ठेवणार? खरी राखण कायद्याची नव्हती, ती ज्याच्या त्याच्या सचोटीची होती.

दोघांच्या बोलण्यात असलेला हा तिसरा कान नाटककारांना फार उपयोगी पडला. नाटकात टेलिफोन का आवडतो, हे समजायला वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवा. त्याने कानाला हात लावून फोनवर बोलत असल्यासारखे फक्त आपले बोलणे बोलावे. पलीकडचे बोलणे कोणालाच ऐकू येणार नाही. तुमच्या लक्षात येईल की सारा वर्ग गप्प होऊन पलीकडच्याने काय म्हटले असेल याचा अंदाज करू लागतो. फोनवरचे अर्धे बोलणे ऐकणाऱ्याला अधिक गुंतवून ठेवते.

फ्रेंच लेखक जाँ कॉक्तो यांनी याच युक्तीवर एक संपूर्ण नाटक रचले. १९३० मध्ये पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे नाव होते ‘मानवी आवाज’, फ्रेंचमध्ये ‘ला व्वा युमेन’. रंगमंचावर एकच स्त्री आणि एक टेलिफोन. तिला सोडून जाणाऱ्या माणसाशी ती शेवटचे बोलत आहे. मध्येच लाइन तुटते, मध्येच परक्या माणसाचा आवाज घुसतो, आणि ती ऑपरेटरला पुन्हा जोडून देण्यासाठी विनवते. जोडणारी ऑपरेटर आपल्याला दिसत नाही, पण त्या स्त्रीचे सारे दुःख तिच्या एका प्लगवर लटकलेले असते.

अमेरिकेत १९४३ मध्ये ल्युसिल फ्लेचर या लेखिकेची ‘सॉरी, राँग नंबर’ ही नभोनाटिका प्रसारित झाली. १९४८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. एक आजारी स्त्री रात्री घरात एकटी आहे. पतीच्या कार्यालयाचा नंबर लागत नाही म्हणून ती ऑपरेटरची मदत घेते. तेवढ्यात तारा एकमेकींत मिसळतात आणि तिला दोन अनोळखी माणसांचे बोलणे ऐकू येते. ती माणसे त्याच रात्री एका स्त्रीचा खून करण्याचे ठरवत असतात. ती घाबरून ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. ऑपरेटर अतिशय नम्रपणे उत्तर देते, पण नियमापलीकडे एक पाऊलही टाकत नाही. कोणता नंबर होता ते सांगा, नाहीतर आम्हांला काही करता येत नाही, असेच जो तो म्हणतो. अखेर, जिचा खून होणार आहे ती स्त्री आपणच आहोत, हे तिला कळते. पण तोवर फार उशीर झालेला असतो. या नाटिकेची भीती खुनी माणसांपेक्षा त्या गोड आणि थंड आवाजात जास्त आहे. मध्ये माणूस होता, पण तो यंत्रासारखा वागला.

आपल्या चित्रपटांनीही टेलिफोन आपलासा केला. १९४९ च्या ‘पतंगा’ या हिंदी चित्रपटात पती रंगूनला आणि पत्नी डेहराडूनला असे एक टेलिफोनवरचे गाणे आहे. ते शमशाद बेगम यांनी आणि संगीतकार सी. रामचंद्र यांनी गायिले. सी. रामचंद्र हे आपल्या महाराष्ट्राचेच. त्या काळी परदेशातून ऑपरेटरशिवाय फोन लागत नसे. त्यामुळे दूरदेशाहून आलेला फोन ही किती नवलाची गोष्ट होती, हे त्या गाण्याच्या खेळकरपणात दिसते. त्याच काळातील उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांची ‘बादशाहत का खात्मा’ ही कथा तुमच्यापैकी काहींनी पुढे वाचावी. एका मित्राच्या कार्यालयात काही दिवस राहणाऱ्या माणसाला चुकून एका अनोळखी स्त्रीचा फोन येतो आणि केवळ आवाजावरून दोघांची ओळख वाढत जाते. इथे ऑपरेटर नाही. चुकीचा नंबर हीच दोघांना जोडणारी दोरी आहे. आवाज, वाट पाहणे आणि तुटलेली लाइन, या तीन गोष्टींनी कथाकारांना केवढे तरी दिले!

पण फ्लेचर यांच्या नाटिकेतील ऑपरेटर म्हणजे सगळ्या ऑपरेटर नव्हेत. प्रत्यक्षात अगदी वेगळ्याही होत्या. लहान गावांतील ऑपरेटरला सारे गाव ओळखत असे. डॉक्टर घरी नसतील तर ते कोणाकडे गेले आहेत हे तिला ठाऊक असे आणि ती तिथे फोन जोडून देई. आग लागली तर लोक आधी तिलाच कळवत आणि ती पुढे दहा ठिकाणी कळवी. हे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. गावाने तिच्यावर टाकलेली आणि तिने स्वीकारलेली ती जबाबदारी होती.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको भागात फॉल्सम नावाचे छोटे गाव आहे. तिथे सॅली रूक नावाची साठी ओलांडलेली स्त्री ऑपरेटर होती. २७ ऑगस्ट १९०८ च्या रात्री नदीच्या वरच्या भागात प्रचंड पाऊस झाला. तिकडून सॅलीला फोन आला की पाण्याचा मोठा लोंढा गावाकडे येत आहे, तुम्ही लगेच निघा. तिला निघता आले असते. पण ती स्विचबोर्डजवळ बसून राहिली. एकामागून एक घरांना घंटी वाजवून ती सांगत राहिली, पूर येतो आहे, बाहेर पडा. तिच्या फोनमुळे अनेक कुटुंबे वाचली. तिला मात्र पुराने ओढून नेले. तिचे शव पुढे गावापासून मैलोगणती अंतरावर सापडले. १९२६ मध्ये टेलिफोन कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून तिच्या कबरीवर स्मारक उभारले.

पहिल्या महायुद्धातही ऑपरेटर आघाडीजवळ गेल्या. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा येणाऱ्या दोनशेहून अधिक स्त्रियांना युरोपात पाठवले. लोक त्यांना ‘हॅलो गर्ल्स’ म्हणत. ग्रेस बँकर ही त्यांच्या पहिल्या तुकडीची प्रमुख होती. तोफांच्या आवाजात सेनापतींचे हुकूम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिनचूक पोहोचवणे हे त्यांचे काम. युद्ध संपल्यावर मात्र सरकारने त्यांना सैनिक मानले नाही. त्या अनेक वर्षे झगडत राहिल्या. अखेर १९७७ मध्ये कायदा होऊन त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. तोपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेक जणी हयात नव्हत्या. लक्षात घ्या, दोन भाषा येणे हीच त्या मुलींची सर्वांत मोठी शिदोरी होती. घरची भाषा आणि राज्याची भाषा अशा दोन भाषा शिकणाऱ्या तुम्हांला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मग इतके उपयोगी माणूस मधून गेले कसे? त्याची गोष्टही मजेदार आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा माणूस अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत असे. एकाएकी त्याची गिऱ्हाइके कमी झाली. असे सांगतात, की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी एक्स्चेंजवर ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरचे फोन ती आपल्या पतीकडे वळवत असे. ही कथा कितपत खरी, ते जाऊ द्या. पण स्ट्रोजरने मधल्या माणसाची गरजच पडू नये असे यंत्र तयार केले, हे खरे. त्याला १८९१ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये ला पोर्ट या गावी पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. पुढे टेलिफोनवर आकड्यांची तबकडी आली. ग्राहक स्वतः नंबर फिरवू लागला आणि पलीकडचे यंत्र तारा जोडू लागले.

म्हणजे पाहा, एकीकडे सॅली रूकने त्या जागेवर बसून प्राण दिले, आणि दुसरीकडे त्याच जागेचा गैरवापर होतो म्हणून यंत्र आले. यंत्राला कोणी आपले नसते आणि कोणी परके नसते. ते कोणाचे बोलणे ऐकून शेजारी सांगत नाही. श्रीमंताचा फोन आधी आणि गरिबाचा नंतर असे करत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. शिवाय फोन इतके वाढले की माणसांच्या हातांनी तारा जोडणे अशक्यच झाले असते.

भारतातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसवले गेले. परगावचे फोन मात्र दीर्घकाळ ऑपरेटरमार्फतच लागत. ग्राहकाने स्वतः परगावी नंबर फिरवण्याच्या सोयीला एस. टी. डी. म्हणतात. इंग्लंडमध्ये १९५८ साली राणी एलिझाबेथ यांनी ब्रिस्टलहून एडिंबरोला फोन करून या सोयीचा आरंभ केला. भारतात ती १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये प्रथम सुरू झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने आपल्या हवेला आणि खेड्यांना मानवतील अशी एक्स्चेंज तयार केली. नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथ दिसू लागली. ट्रंक कॉल मागे पडला. १९९५ मध्ये भारतात मोबाइल सेवा सुरू झाली आणि पुढे हळूहळू ती पिवळी बूथही दिसेनाशी झाली. ब्रिटनमधील हाताने जोडायचे शेवटचे एक्स्चेंज १९७६ मध्ये बंद झाले. अमेरिकेतील ब्रायंट पाँड या गावचे दांडा फिरवण्याचे टेलिफोन १९८३ पर्यंत चालू होते. तेही इतिहासजमा झाले.

या बदलात काही माणसांची रोजी गेली, हेही विसरू नये. आपल्याकडे बँका आणि सरकारी कार्यालये यांत अनेक अंध व्यक्तींनी ऑपरेटरचे काम उत्तम रीतीने केले. कान तीक्ष्ण, स्मरणशक्ती पक्की आणि आवाज आश्वासक, एवढे असले की या कामात दृष्टीवाचून अडत नसे. शेकडो नंबर त्यांना तोंडपाठ असत. ऑपरेटरचे काम कमी झाले तसे त्यांच्या हक्काचे हे एक दारही अरुंद झाले. नवे यंत्र आले की त्याचा फायदा साऱ्यांना होतो, पण त्याची किंमत थोडेच लोक मोजतात. म्हणून अशा लोकांना नवे काम शिकवणे ही साऱ्यांची जबाबदारी असते.

ऑपरेटर अगदीच नाहीसे झाले आहेत असेही नाही. रुग्णालये, हॉटेले, मोठी कार्यालये यांत ते आजही आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तेव्हा ताजमहाल हॉटेलमधील टेलिफोन ऑपरेटरना सुरक्षित बाहेर काढले होते. तरी ते पुन्हा आपल्या जागी गेले आणि खोल्यांमध्ये अडकलेल्या पाहुण्यांना फोन करून बाहेर पडू नका असे सांगत राहिले. फॉल्समच्या पुरानंतर बरोबर शंभर वर्षांनी, दुसऱ्या देशात, अगदी वेगळ्या संकटात, मधल्या माणसाने तेच केले.

आज तुम्ही बँकेला किंवा गॅस कंपनीला फोन केला तर ध्वनिमुद्रित आवाज म्हणतो, मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. हा आवाज कधी चिडत नाही, कधी थकत नाही. पण तुमचा आवाज थरथरतो आहे, हे त्याला कळेलच असे नाही. तुमची अडचण त्याच्या यादीत नसेल तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तो नियमात दिलेले काम चोख करतो. ऑपरेटरच्या कामाचा तेवढाच भाग यंत्राने उचलला आहे. तिच्या कामाचा दुसरा भाग, म्हणजे समोरच्याची अडचण ओळखणे, गरज पडली तर नियमापलीकडे एक पाऊल टाकणे आणि कानावर पडलेली गोष्ट अमानत म्हणून जपणे, हा अजून कोणीतरी उचलायचा आहे.

तो कोणी उचलायचा? आपणच. आज भारतात संकटकाळी ११२ हा नंबर फिरवता येतो. शेजारी आजारी असेल, रस्त्यात अपघात झाला असेल, तर हा नंबर फिरवणारे माणूस मध्ये असावे लागते. यंत्र आपण होऊन ते नेहमी करेलच असे नाही. घरातील वृद्धांना बँकेचा फोन समजत नसेल, तर शेजारी बसून समजावून देणारे माणूस लागते. मित्राने विश्वासाने पाठवलेला निरोप किंवा फोटो पुढे पाठवायचा नाही, हे ठरवणारेही माणूसच असते. पूर्वी गावातले बोलणे एका ऑपरेटरच्या कानांवरून जाई. आज ते प्रत्येकाच्या खिशातून जाते. म्हणजे एका अर्थाने आपण सगळेच ऑपरेटर झालो आहोत. पुढच्या वेळी कोणाची अडचण तुमच्यापर्यंत पोहोचेल, तेव्हा फ्लेचर यांच्या नाटिकेतील गोड पण थंड आवाज व्हायचे, की फॉल्समच्या सॅली रूकचा आवाज व्हायचे, हे तुम्हीच ठरवा.